'त्यांच्या खाली': प्लिनी, मृत समुद्र आणि एका शब्दाचा वाद

थोरल्या प्लिनीने, पहिल्या शतकातल्या रोमन लेखकाने, मृत समुद्राची दिलेली मापे भलतीच मोठी आहेत: लांबी शंभराहून अधिक रोमन मैल, रुंदी काही ठिकाणी ७५. तरीही इ. स. ७७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्याच्या 'नॅचरलिस हिस्टोरिया' या निसर्गविषयक ग्रंथाचा पाचवा खंड अभ्यासक पुन्हा पुन्हा उघडतात, ते 'इन्फ्रा' या एका लॅटिन शब्दापायी.

पश्चिम किनाऱ्यापासून जरा आत एसीन या यहुदी विरक्त पंथाचे लोक राहतात. बायका नाहीत, पैसा नाही, सोबतीला फक्त खजुराची झाडे, असे तो लिहितो. थोडे पुढे तो लिहितो: त्यांच्या 'इन्फ्रा', म्हणजे 'खाली', एन गेदी हे नगर होते, आता तेही राखेचा ढीग झाले आहे. नंतर मसादाचा किल्ला येतो.

हे 'खाली' उंचीने की दिशेने? मराठीतही हा शब्द दोन्हीकडे झुकतो. १९४७ मध्ये कुमरानजवळच्या गुहेत प्राचीन यहुदी हस्तलिखितांच्या गुंडाळ्या उजेडात आल्या आणि १९५१ पासून शेजारचे अवशेष खणले गेले. ही वस्ती एसीनांची मानून उत्खनन करणाऱ्यांनी 'खाली'चा अर्थ 'दक्षिणेला' असा घेतला. कुमरान वायव्य काठावर आणि एन गेदी तिथून तीसेक किलोमीटर दक्षिणेला, त्यामुळे मेळ बसला. १९९० च्या दशकाअखेर एन गेदीच्या वरच्या उतारावर लहान लहान खोल्या सापडल्या, तेव्हा एसीन तिथे राहत असे मानणाऱ्या दुसऱ्या पक्षाने 'उंचीने खाली' हा अर्थ उचलून धरला.

मला पहिला अर्थ पटतो. एसीन, एन गेदी, मसादा हा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ उतरतो. मात्र कुमरान इ. स. ६८ च्या सुमारास उद्ध्वस्त झाले होते, आणि प्लिनी एसीनांबद्दल वर्तमानकाळात लिहितो. म्हणजे माहिती जुन्या लेखनातून घेतलेली असावी. एवढ्या वाक्यावर कुमरानच्या रहिवाशांची ओळख पक्की करणे घाईचे आहे.

दरम्यान, मृत समुद्रच आटत चालला आहे. १९६० च्या दशकापासून जॉर्डन खोऱ्याचे पाणी वळवले गेले, दक्षिण भागात खनिज क्षारांसाठी बाष्पीभवनाची तळी झाली. पातळी वर्षाला सुमारे एक मीटर खाली जाते. एन गेदीच्या किनाऱ्यावर जमीन खचून खड्डे पडतात, काही खजूरबागा सोडून द्याव्या लागल्या.

यहुदिया, म्हणजे मृत समुद्राच्या पश्चिमेचा प्रदेश, खजुरासाठी प्रसिद्ध असल्याचे प्लिनीने तेराव्या खंडात नोंदवले आहे. मसादाच्या उत्खननात मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची एक बी २००५ मध्ये पेरली आणि ती रुजली. झाड नर निघाले. त्याच्या परागांवर, तशाच दुसऱ्या प्राचीन बीपासून वाढलेल्या मादी झाडाला २०२० मध्ये खजूर लागले.