डफाचा सूर दोन्ही बाजूंनी पकडताना

डफावर ताणलेल्या चामड्याचा मूळ सूर गणिताने काढायचा, तर −Δu = λu या समीकरणातलं सर्वांत लहान λ हवं. इथे u म्हणजे चामडं त्या जागी किती वरखाली होतं ते. चामडं कडेला बांधलेलं, म्हणून तिथे u = 0. हे λ म्हणजे आयगेनमूल्य. सुराची कंप्रता त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. Δ हा लाप्लासियन, म्हणजे x आणि y दिशांतल्या दुसऱ्या अवकलजांची बेरीज. (तबल्यावर शाई असते, म्हणून तिथे जागेनुसार बदलणारी घनताही समीकरणात येते. डफाचं चामडं सगळीकडे सारखं धरू.)

बहुतेक आकारांसाठी λ नेमकं काढता येत नाही, म्हणून ते एका वरच्या आणि एका खालच्या सीमेत पकडायचं. वरची सीमा काढणं सोपं. कडेला शून्य होणारं कुठलंही फलन घ्या. त्याच्या उताराच्या वर्गाच्या संकलनाला फलनाच्या वर्गाच्या संकलनाने भागा. हा झाला रॅले भागाकार. तो पहिल्या λ च्या खाली कधीच जात नाही. त्रिज्या 1 असलेल्या डफासाठी 1 − r² घेतलं (r म्हणजे मध्यापासूनचं अंतर) की नेमके 6 येतात. खरं मूल्य 5.7832. जोडीला (1 − r²)² घेऊन दोन्हींचं सर्वांत चांगलं मिश्रण 2 × 2 मॅट्रिक्स सोडवून काढलं, तर 5.7841! पण त्याच मॅट्रिक्समधून निघणारं दुसरं मूल्य 36.88, आणि मध्याभोवती सममित असलेल्या दुसऱ्या कंपनाचं खरं मूल्य 30.47. दहा फलनं घेतली म्हणून दहाही मूल्यं वापरू नयेत. त्यांतली मोठी मूल्यं भरवशाची नसतात.

खालची सीमा खरी अवघड. समान क्षेत्रफळाच्या सर्व आकारांत वर्तुळाचं λ सर्वांत लहान, हे फाबर (1923) आणि क्रान (1925) यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं. त्यामुळे बाजू 1 असलेल्या चौरसाचं λ किमान π × 5.7832 (क्षेत्रफळ 1 असलेल्या वर्तुळाचं λ), म्हणजे 18.16. वरून x(1−x)y(1−y) हे फलन 20 देतं. खरं उत्तर 2π², म्हणजे 19.74.

वेड्यावाकड्या आकाराचे त्रिकोण पाडावे लागतात. मग प्रत्येक त्रिकोणावर सरळ उताराचं फलन घेतात, त्याला घटक म्हणतात. शेजारच्या त्रिकोणाशी पूर्ण बाजूभर जुळणारे नेहमीचे सलग रेषीय घटक वरची सीमा देतात. क्रूझे-रावियार घटक शेजारच्या त्रिकोणाशी फक्त बाजूच्या मध्यबिंदूवर जुळतात. त्यांचं उत्तर μ आणि सर्वांत लांब बाजू h असेल, तर μ ÷ (1 + (0.1893h)²μ) ही खालची हमी. h = 0.1 आणि μ = 19.7 असताना ती 19.56 येते.

तीन एकक चौरसांच्या एल-आकारात (मॅटलॅबच्या बोधचिन्हातला तोच) λ = 9.6397. तिथे 270 अंशांच्या कोपऱ्यात उतार अनंत होतो. एरवी h निम्मं केलं की चूक चौपट घटते, इथे जेमतेम अडीचपट. कोपऱ्याकडे त्रिकोण बारीक करत नेले की ही अडचण सुटते.

वर्तुळाच्या जागी बहुभुज घेताना तो आतूनच बसवावा. लहान क्षेत्राचं λ मोठं असतं, म्हणून वरची सीमा टिकते. बहुभुज बाहेर डोकावला, तर u वर्तुळाच्या कडेवर शून्य राहत नाही आणि ती हमी जाते.