टॅबलेटसाठी घरगुती आर्केड कंट्रोल

काचेवर बोटं घासत गेम खेळायचा कंटाळा आला की खरी जॉयस्टिक न खरी बटणं लावून जो डबा घरी बनवतात तो हा. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मशीनचा पुढचा भाग तेवढा घ्यायचा न स्क्रीनच्या जागी टॅबलेट उभा करायचा, बस.

सुरुवात चेष्टेतनं झाली. थिंकगीक कंपनीनं 2010 च्या एक एप्रिलला आयपॅडसाठी छोटं आर्केड कपाट काढल्याची थाप मारली, लोकांना ती एवढी आवडली की 2011 मध्ये आयॉन कंपनीनं आयकेड नावानं ते खरंच बाजारात आणलं. आतली युक्ती भारी होती. आयपॅडच्या ॲपला त्या काळी कीबोर्डवर अक्षर टाइप झालं एवढंच कळायचं, बोट उचललं की नाही ते पोचायचंच नाही, मग माणूस पळतोय की थांबला कसं कळणार? म्हणून आयकेड ब्लूटूथ कीबोर्ड असल्याचं सोंग घ्यायचं न दाबायला एक अक्षर, सोडायला दुसरं पाठवायचं: स्टिक वर ढकलली की डब्ल्यू, सोडली की ई. 2013 च्या आयओएस 7 पासनं रीतसर कंट्रोलर चालायला लागले, पण कपाटात पडलेल्या जुन्या आयपॅडला आजबी हीच युक्ती लागते, न गेममध्ये आयकेडची सोय पाहिजे.

अँड्रॉइडचं सोपं आहे. ओटीजी केबल (टॅबलेटला यूएसबीच्या वस्तू जोडायची वायर) न यूएसबी एन्कोडर बोर्ड, म्हणजे बटण दाबलं की टॅबलेटला कळवणारा छोटा बोर्ड, घेतला की काम झालं. स्वस्तातल्या बोर्डाला झीरो डिले म्हणतात, नावापुरतंच, थोडा डिले असतोच, तरी मारामारीच्या गेमला ब्लूटूथपेक्षा वायर बरी. स्वतः प्रोग्राम करायचा असेल तर अर्डुइनो लिओनार्डो नावाचा छोटा बोर्ड घ्या, त्याच्या मेन चिपमध्येच यूएसबी आहे, थेट कीबोर्ड बनतो. त्याच कंपनीचा जुना उनो (आर3 पर्यंतचा) आणलात तर फसलात.

बटणाचं भोक बहुतेक 30 मिलीमीटरचं, छोट्याचं 24. नुसती दाबून बसणारी बटणं जाड प्लायवूडात धरत नाहीत, तिथं मागनं नट आवळायची घ्यावीत. नाहीतर वरची प्लेट पत्र्याची करायची, आणि बेळगावकरांना तेवढं तरी सुख आहे की, उद्यमबागेत लेथ-ड्रिलवाल्यांची काय कमी आहे, फक्त माप कागदावर नीट काढून न्या. सुताराकडनं फळी कापून घेणार असाल तर सगळ्या कडांना पॉलिश मारून घ्या, खानापूरच्या बाजूच्या पावसात उघडी कड फुगती न बटण अडकायला लागतंय.

वायरिंगमध्ये घोळ होतो तो ग्राउंडचा, म्हणजे सगळ्या बटणांना मिळून लागणाऱ्या समाईक वायरचा. एकच वायर या बटणावरनं त्या बटणावर नेत जातात, मधला एक लग (वायरीच्या टोकाची क्लिप) सैल झाला की त्याच्या पुढची सगळी बटणं एकदम मरतात, आणि माणूस बोर्ड जळला म्हणून नवीन मागवतो. मी मागवलाय. शेवटच्या बटणावरनं एक वायर परत बोर्डाला जोडली तर ही भानगड राहत नाही.

पॅकमॅनसारख्या गेमला स्टिक चारच दिशांना जाणारी पाहिजे, आठ दिशांची असली तर वळणावर हमखास चुकतं. चांगल्या स्टिकमध्ये खालची चौकोनी प्लेट फिरवून हे बदलता येतं.

आणि फळीला भोकं पाडायच्या आधी टॅबलेट ठेवून बघा चार्जिंगचं तोंड कुठल्या बाजूला येतंय. माझ्या पहिल्या डब्यात टॅबलेट अजून उलटाच बसतो.