झाडावरून पडवीत: कोकणातल्या ऑर्किडछंदाची पार्श्वभूमी

ऑर्किड म्हणजे परदेशी, नाजूक आणि महागडं फूल, असं कोकणातल्या बऱ्याच घरांत अजून मानतात. पण थायलंडची जांभळी डेंड्रोबियम इथल्या नर्सऱ्यांत येण्याच्या कितीतरी आधीपासून मिरगाच्या तोंडावर रायवळ आंब्याफणसांच्या खोडांवर सीतेची वेणी हे देशी ऑर्किड लोंबत आलं आहे. हेच आसामचं राज्यफूल. आपल्याकडे मात्र बांडगूळ समजून त्यावर कोयता चालतो, याचं वाईट वाटतं. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस शोषतं. ऑर्किड सालीला नुसतं धरून बसतं आणि पावसाचं पाणी मुळांवरच्या स्पंजासारख्या आवरणात टिपून घेतं.

कागदावर ही वनस्पती आली तीही लवकर. कोचीचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने केलेला मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ ‘हॉर्टस मलबारिकस’ 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांची कोंकणीतली साक्ष पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापली आहे. बाराव्या खंडात सीतेच्या वेणीचं चित्र आहे, आणि 1753 मध्ये स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने तिला शास्त्रीय नाव देताना त्याच चित्राचा आधार घेतला. मुंबई इलाख्याच्या ऑर्किडांवर सांतापाव आणि कापडिया या वनस्पतिशास्त्रज्ञांचा स्वतंत्र ग्रंथ निघायला मात्र 1966 उजाडलं.

तरीही ऑर्किड घरोघरी पोचायला एक अडचण होती: बी. ते धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, हे 1899 मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नार्डने शोधलं. 1922 मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसनने साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी उगवून दाखवलं. 1960 मध्ये जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपं करण्याची वाट दाखवली. श्रीमंतांच्या काचघरातलं झाड रत्नागिरी-मालवणच्या पडवीत आलं, ते या प्रयोगशाळांमुळे.

प्रयोगशाळेतून आलेली ही संकरित रोपं इथे वाढतात, पण चार महिन्यांची झड त्यांतल्या फॅलेनॉप्सिस या जातीच्या ऑर्किडांना सोसत नाही. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की गाभा कुजतो. त्यांना पागोळ्यांच्या आतच ठेवावं. नारळाचं सोडण स्वस्त मिळतं म्हणून सगळी कुंडी त्यानेच भरली, तर पावसाळ्यात मुळं गुदमरतात. कोळसा आणि विटेचे तुकडे जास्त घालावेत. सह्याद्रीतल्या ऑर्किडांना हे हवामान अंगवळणी पडलेलं आहे. त्यांतलं डेंड्रोबियम बार्बॅट्युलम पावसानंतर पानं गाळतं आणि हिवाळ्यात उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं देतं. मेलं समजून ते फेकू नये, की भरमसाट पाणीही घालू नये.

खरी काळजी या रानटी ऑर्किडांना आधार देणाऱ्या झाडांची आहे. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागा वाढल्या, डोंगरउतार कलमांनी भरले, ही कोकणाची कमाईच. पण जुनी, खरबरीत सालीची रायवळ झाडं लाकडासाठी तुटत गेली, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं जमलेली ऑर्किडंही गेली. म्हणून जिवंत झाडावरून ऑर्किड ओरबाडून आणू नये. वादळात फांदी पडली किंवा झाड तोडलं गेलं, तर मालकाला विचारून त्यावरचं ऑर्किड उचलावं आणि परसातल्या आंब्याला पावसाच्या सुरुवातीलाच सुंभाने बांधावं. चार महिन्यांच्या ओलीत मुळं साल धरतात.