आजार सिद्ध झाला, पुढे काय?

एप्रिल १९९४मध्ये महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने दिवसाउजेडी बायकोच्या डोक्यात वाटणाचा दगड घातला. त्यात ती गेली. तो पळाला नाही, लपलाही नाही. त्याला नोकरी सोडायची होती आणि तिला ते पसंत नव्हतं, एवढंच कारण पुढे आलं. त्याला जन्मठेप झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला निर्दोष सोडलं.

त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता. या आजारात आपल्याविरुद्ध कट शिजतोय अशी ठाम, पुराव्याने न हलणारी खात्री बसू शकते. पण सुटका आजाराच्या नावावर झाली नाही, आणि बातम्यांमध्ये नेमकं हेच हरवतं. तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ८४, आताच्या न्याय संहितेचं २२, निदान विचारत नाही. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवतच नव्हती का, एवढंच ते विचारतं.

त्या क्षणाचा पुरावा आणायचा कुठून? भ्रम दाखवणारी रक्ततपासणी नाही, आणि नंतर काढलेला एमआरआय तेव्हाचं मन सांगत नाही. मग आगेमागे पाहावं लागतं. या खटल्यात वडिलांनाही मानसिक आजार होता, शिपायावर आधीच उपचार झाले होते आणि अटकेनंतरच्या महिन्यांत त्याला पुन्हा पुन्हा रुग्णालयात न्यावं लागलं. आरोपीने हे संशयापलीकडे सिद्ध करायचं नसतं. तशी शक्यता जास्त आहे, इतकं दाखवलं तरी पुरतं.

ही कसोटी मूळची लंडनची. १८४३मध्ये डॅनियल मॅक्नॉटनने पंतप्रधान पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. पील यांचा टोरी पक्ष आपल्या पाठीमागे लागलाय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. ज्यूरीने त्याला सोडलं, राणी व्हिक्टोरिया संतापली आणि न्यायाधीशांना नियम घालून द्यावे लागले. गंमत अशी, की माणूस मारणं बेकायदा आहे हे मॅक्नॉटनला बहुधा कळत होतं. त्याच्याच नावाच्या नियमांनी तो कदाचित दोषी ठरला असता!

मला ही कसोटी तोकडी वाटते. ती ‘कळतं का’ हे मोजते, ‘आवरतं का’ हे नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या चाळिशीच्या एका माणसाचं लैंगिक वर्तन अचानक घातक झालं. हे चूक आहे, हे तो स्वतः सांगत होता. २०००मध्ये त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, मोठी गाठ सापडली. ती काढल्यावर ती लैंगिक ओढ गेली. गाठ पुन्हा वाढली तशी ओढही परतली. आपल्या कलमापुढे तो सुटणं अवघड, कारण त्याला सगळं कळत होतं. अर्थात ‘आवरलं नाही’ आणि ‘आवरलंच नसतं’ यांतला फरक मोजायचं साधन मेंदूविज्ञानाकडे आजही नाही, त्यामुळे न्यायालयांची सावधगिरी मला समजते.

गोळ्या बंद करणाऱ्याचं काय, हा प्रश्न आणखी अवघड. स्वतःहून दारू पिऊन गुन्हा करणाऱ्याला कायदा नशेची ढाल देत नाही. त्याच न्यायाने ‘औषध का सोडलंस?’ असं विचारावंसं वाटतं. पण स्किझोफ्रेनियात अनेकदा आपण आजारी आहोत ही जाणीवच पुसली जाते. गोळी टाकून देणारा स्वतःच्या दृष्टीने निरोगी माणसाला नको असलेलं औषध टाकत असतो. बहुसंख्य मनोरुग्ण कधीच हिंसा करत नाहीत, उलट तेच हिंसेचे बळी ठरण्याची भीती असते. जे थोडे करतात, त्यांच्या घरच्यांना गोळ्या थांबल्याचं अनेकदा आधी ठाऊक असतं, आणि या घरच्यांच्या जबाबदारीबद्दल कलम २२ काहीच बोलत नाही.