अपडेट केलंय की, मग जुनंच कसं चालतंय?

सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला एक पतसंस्था आहे. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचं सगळं भिजल्यापासून त्यांचा सर्व्हर वरच्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत असतो. मध्यंतरी बाहेरच्या माणसाकडून त्याची सुरक्षा तपासणी झाली आणि अहवालात दोन ओळी लाल अक्षरात आल्या. ओपनएसएसएल (नेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वाटून वापरतात तो कोड) जुनं आहे आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जुना आहे. मला बोलावलं तेव्हा सर्व्हर सांभाळणारा मुलगा रडकुंडीला आला होता.

"सर, मी रोज सकाळी आल्या आल्या अपडेट करतो. आधी उदबत्ती, मग अपडेट. खोटं वाटत असंल तर हिस्ट्री बघा की."

हिस्ट्री, म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची नोंद, बघितली. पोरगं खरं बोलत होतं. रोज सकाळी दहाच्या पुढं-मागं एकच आज्ञा दिलेली, 'ॲप्ट अपडेट'. आणि त्या आज्ञेच्या उत्तरात शेवटी येणारी ओळ मात्र त्यानं एकदाही नीट वाचलेली नव्हती. 'इतकी पॅकेजेस (म्हणजे प्रोग्रामची बांधलेली गाठोडी) अपग्रेड करता येतील', असं ती ओळ दीड वर्ष सांगत होती. आकडा दोनशेच्या पुढं गेला होता.

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या जाती चालवणाऱ्या यंत्रावर 'ॲप्ट अपडेट' काहीही बदलत नाही. ते फक्त यादी आणतं. यार्डातल्या फळ्यावर आज राजापुरी हळदीला काय भाव निघाला ते वाचून आलं म्हणून हळदीचं पोतं घरात येत नाही. पोतं आणायचं तर 'ॲप्ट अपग्रेड' म्हणावं लागतं.

ही यादी जिथून येते ती जागा म्हणजे रिपॉझिटरी, बोलीभाषेत रेपो. (पतसंस्थेत हा शब्द जरा जपून वापरावा. मी "रेपो बदलायला लागेल" म्हणालो तर चेअरमन साहेबांनी पेपरातून डोकं वर काढून "किती टक्क्यानं?" असं विचारलं.) डेबियनच्या १२ व्या आवृत्तीच्या, म्हणजे जून २०२३ मध्ये आलेल्या 'बुकवर्म'च्या रेपोत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या खेळण्यांवरून ठेवतात, आणि कायम अर्धवट, मोडतोड चालू असलेल्या आवृत्तीला खेळणी मोडणाऱ्या पोराचं नाव आहे, 'सिड'. रेपोच्या पत्त्यात 'बुकवर्म' असं नाव लिहावं, 'स्टेबल' लिहू नये. 'स्टेबल' हे पद आहे, माणूस नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये ते पद 'ट्रिक्सी'कडे गेलं, आणि ज्यांच्या फाइलीत 'स्टेबल' लिहिलेलं होतं त्यांचं यंत्र पुढच्या अपग्रेडला एका आवृत्तीतून दुसरीत उडी मारायला तयार होऊन बसलं.

रेपोची नक्कल जगभरात शेकडो ठिकाणी ठेवलेली असते. मग भलत्याच माणसाच्या सर्व्हरवरून आलेलं पॅकेज अस्सल कशावरून? प्रत्येक पॅकेजचा एक ठसा काढलेला असतो. ठसा म्हणजे फाइलीतल्या सगळ्या बाइट्सवरून गणितानं काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. एक बिट हलला तरी आख्खा ठसा बदलतो. सगळ्या पॅकेजेसचे ठसे यादीत असतात, यादीचा ठसा एका छोट्या फाइलीत असतो आणि त्या छोट्या फाइलीवर डेबियनच्या किल्लीची सही असते. सही एकच, पण तिच्या आधारानं ६४ हजार पॅकेजेस तपासता येतात. नक्कल ठेवणारा खोटं पॅकेज घुसवू शकत नाही. फार तर शिळी, पण खरी सही असलेली यादी देत राहू शकतो. म्हणून सुरक्षा-दुरुस्त्यांच्या यादीवर औषधाच्या पाकिटासारखी मुदतही छापलेली असते.

असो. आम्ही अपग्रेड केलं. दोनशेवर पॅकेजेस उतरली, चहा झाला, तपासणीचा प्रोग्राम पुन्हा चालवला. दोन्ही लाल ओळी जिथल्या तिथं.

"आता काय करायचं वो सर?"

पहिली लाल ओळ आता चुकीची होती. तपासणीचा प्रोग्राम आवृत्तीचा आकडा वाचतो. पतसंस्थेत होतं ते बुकवर्म, आणि बुकवर्ममधलं ओपनएसएसएल ३.० च्या मालिकेतलं, ती मालिका २०२१ ची. त्यानंतर बऱ्याच पुढच्या मालिका आल्या, म्हणून हे जुनं. पण डेबियनची पद्धत अशी की आवृत्ती एकदा स्थिर झाली की तिच्यात नवी सोय घालायची नाही. सुरक्षेत भोक सापडलं तर तेवढाच टाका जुन्या कापडाला घालायचा. त्यामुळं पुढचा आकडा बहुतेक वेळा जुनाच दिसतो आणि दुरुस्तीची खूण शेपटीत येते.

२०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' नावाचं भोक सापडलं होतं. समोरच्या सर्व्हरला विचारलं तर तो एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत स्वतःच्या मेमरीतला मजकूर ओकायचा, पासवर्ड आणि किल्ल्यांसकट. ओपनएसएसएल १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत सगळ्यांत ते होतं, १.०.१जी मध्ये बुजवलं. पण त्या वेळच्या डेबियनमध्ये दुरुस्त पॅकेज आलं ते १.०.१ई या आकड्यानंच. फक्त शेपूट बदललं, '-२+डेब७यू५'. नुसतं '१.०.१ई' वाचणाऱ्याला ते शेवटपर्यंत फुटकंच दिसलं.

या शेपटांचं व्याकरण मला फार आवडतं, म्हणून दोन वाक्यं जास्त. आवृत्तीचा आकडा हा शाळेतला दशांश अपूर्णांक नव्हे. १.१० हे १.९ च्या नंतर येतं, जसा १२/९ च्या पुढं १२/१० असा पोटहिस्सा येतो तसा. ॲप्ट डावीकडून तुकडे पाडत जातं, अक्षरांचा तुकडा अक्षरांशी, अंकांचा तुकडा अंकांशी ताडतं. आणि या सगळ्यात एक नागमोडी खूण आहे, टिल्डा. ती कशाहीपेक्षा लहान, अगदी 'काहीच नाही'पेक्षासुद्धा! '१.०~आरसी१' हे '१.०' च्या आधी येतं. त्यामुळं बारसं व्हायच्या आधीच्या चाचणी आवृत्तीला नाव देता येतं आणि खरी १.० आली की यंत्र आपण होऊन पुढं सरकतं. बुकवर्मसाठी शिवलेल्या दुरुस्तीला '~डेब१२यू१' असं शेपूट लावलं की ती पुढच्या डेबियनमधल्या त्याच आकड्यापेक्षा बरोब्बर एक केस लहान ठरते. ज्याला हा परिच्छेद जड गेला त्यानं खुशाल सोडून द्यावा, खरी गंमत पुढं आहे.

अहवालानं जिथं बोट ठेवलं तिथं दुखणं नव्हतं. दुखणं शेजारी होतं आणि अहवालाला ते दिसलंच नव्हतं. ओपनएसएसएलची नवी, दुरुस्त फाइल डिस्कवर आली होती. पण वेबसर्व्हर जुनीच वापरत होता. कुठून? डिस्कवर त्या नावाची जुनी फाइल तर उरलीच नव्हती.

युनिक्समध्ये फाइल आणि फाइलीचं नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाइल म्हणजे डिस्कवरचे ठोकळे आणि त्यांची नोंदवही, तिला आयनोड म्हणतात. आयनोडला नंबर असतो, मालक असतो, आकार असतो, ठोकळे कुठे आहेत ते असतं. नसतं फक्त नाव. नाव डिरेक्टरीत असतं आणि डिरेक्टरी म्हणजे 'या नावाला हा नंबर' अशी साधी वही.

समजा गावातलं एक प्रसिद्ध मिसळीचं हॉटेल समोरच्या गाळ्यात गेलं. पाटी काढली, समोर लावली. आता येणारं गिऱ्हाईक पाटी बघून नव्या गाळ्यात जाणार. पण जे आधीच जुन्या गाळ्यात बसून मिसळ खातायत त्यांनी पाटी आत येतानाच वाचलीय, ते कशाला उठतील? त्यांना वाढलं जात राहतं, जुन्याच कढईतलं. आणि युनिक्सचा नियम असा, की शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन बाहेर पडेपर्यंत जुना गाळा पाडायचा नाही.

अपग्रेड करताना नेमकं हेच होतं. पॅकेज उलगडणारा डीपीकेजी हा प्रोग्राम जुन्या फाइलीवर काहीच लिहीत नाही. तो शेजारी '.डीपीकेजी-न्यू' अशा शेपटाची वेगळी फाइल लिहितो, म्हणजे नवा आयनोड. ती डिस्कवर पक्की उतरली याची खात्री करतो. मग 'रिनेम' ही एकच हाक कर्नलला देतो. वहीतल्या त्या नावासमोरचा नंबर फिरतो, जुना जातो, नवा येतो. ही नोंद अर्धी कधीच होत नाही. नेमकी त्या क्षणी लाईट गेली तरी नावासमोर एक तर आख्खी जुनी फाइल सापडेल नाही तर आख्खी नवी.

हे असं का करायचं? जुन्या फाइलीवरच नवे बाइट्स का लिहू नयेत? कारण चालू प्रोग्राम आख्खी फाइल मेमरीत घेऊन बसलेला नसतो. ती चार-चार किलोबाइटच्या पानांनी, लागेल तसतशी डिस्कवरून येते. पहिलं पान जुन्या आवृत्तीचं आणि सातवं नव्या आवृत्तीचं आलं तर प्रोग्राम भर रस्त्यात आडवा होतो. चालू प्रोग्रामच्या मुख्य फाइलीवर लिहायला गेलात तर लिनक्स हात धरतं, पण अनेकांनी वाटून घेतलेल्या ओपनएसएसएलसारख्या लायब्ररीला ते संरक्षण नाही. म्हणून नवा आयनोड, जुन्याला धक्का नाही. दिवसाढवळ्या, काउंटरवर पासबुकं भरली जात असताना दोनशे पॅकेजेस बदलता येतात ती या एका युक्तीमुळं.

आणि तिच्यामुळंच फसगतही होते. नाव गेलं तरी ज्यांनी फाइल धरून ठेवलीय त्यांच्यासाठी जुना आयनोड जिवंत असतो. वर्षापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी याचाच उलटा अनुभव आला होता. डिस्क शंभर टक्के भरली म्हणून मी नऊ जीबीची लॉग फाइल उडवली. यादीतून गेली. डिस्क तरीही शंभर टक्केच! लॉग लिहिणारा प्रोग्राम त्या बेवारस आयनोडवर इमानेइतबारे लिहीतच होता. तो प्रोग्राम बंद करून चालू केला आणि नऊ जीबी झटक्यात मोकळे झाले.

पतसंस्थेत एलएसओएफ ही आज्ञा चालवली. कोणत्या प्रोग्रामनं कोणती फाइल धरलीय याची ती यादी देते. ओळीमागून ओळी सरकल्या आणि वेबसर्व्हरच्या समोर, ओपनएसएसएलच्या रांगेत 'डीईएल' अशी तीन अक्षरं दिसली. म्हणजे नाव खोडलेलं आहे, पण गिऱ्हाईक अजून बसलेलं आहे. मुलाला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. "म्हंजे आपण अपग्रेड केलं, पण ह्याला पत्ताच नाही?" अगदी तसंच. हार्टब्लीडच्या वेळी डेबियनला याच कारणासाठी दुरुस्तीची दुरुस्ती काढावी लागली होती. अपग्रेड करतानाच 'या या सेवा पुन्हा चालू करू का?' असं विचारणारी. आता 'नीडरीस्टार्ट' नावाचं पॅकेज हे काम करतं, टाकून ठेवावं.

दुसरी लाल ओळ, कर्नलची, खरी होती. नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, पण चालतो तो बूट होताना चढलेलाच. तो बदलायचा तर यंत्र बंद करून चालू करणं हाच सरळ रस्ता. आणि इथं गाडी अडली. मुलगा म्हणाला, "सर, रीबूट नको. सहाशे अकरा दिवस झालेत." 'अपटाईम' आज्ञेचा आकडा त्यानं कागदावर लिहून रॅकला चिकटवला होता, लिंबू-मिरचीच्या खाली, खंडेनवमीच्या कुंकवाच्या बोटांशेजारी. लिंबू-मिरचीनं निदान नुकसान तरी होत नाही (कुंकवाचं सांगता येत नाही, पंख्यात जातं). पण हा आकडा ही तिच्यापेक्षा मोठी अंधश्रद्धा आहे आणि ती शिकलेली माणसं जोपासतात. सहाशे अकरा दिवस अखंड चालू म्हणजे सहाशे अकरा दिवसांतली कर्नलची एकही दुरुस्ती लागू नाही. शिवाय इतक्या दिवसांनी ते यंत्र पुन्हा उठतं का, हेही कोणाला माहीत नाही. ते शनिवारी संध्याकाळी, बॅकअप घेऊन बघावं, पुराचं पाणी चढत असताना नव्हे. चालू कर्नलमध्येच टाका घालायची 'लाइव्ह पॅच' सोय आहे, तिच्या जाहिराती 'आता रीबूट विसरा' म्हणून येतात. छोट्या भोकांना ती चालते, पण तिच्या भरवशावर रीबूट विसरू नये.

शनिवारी काउंटर बंद झाल्यावर बसलो. बॅकअप घेतला, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघितला, मग रीबूट केलं. पडदा काळा झाला तेव्हा मुलानं नकळत हात जोडले. मीही बोललो नाही, कारण माझ्याही पोटात गोळा होताच. दोन-अडीच मिनिटांनी लॉगिन आलं. कर्नलचा आकडा नवा. एलएसओएफच्या यादीत डीईएलची एकही लायब्ररी नाही. तपासणीत एक लाल ओळ गेली. दुसरीसाठी डेबियनच्या सुरक्षा-सूचनेचा हवाला देऊन दोन ओळींचं पत्र लिहिलं, चेअरमन साहेबांची सही सोमवारी मिळणार होती.

निघताना मुलानं अपटाईम बघितला. तीन मिनिटं.

"सहाशे अकरा दिवस गेले की वो सर," तो म्हणाला आणि रॅकवरचा कागद काढून खिशात घातला. लिंबू-मिरची राहू दिली.