चौकी येईपर्यंत उतरणारी नशा

दर वर्षी डिसेंबर संपत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. नाकाबंदीच्या आधी दोन विलायच्या चावा, चमचाभर तूप घ्या, वर कडक कॉफी मारा, मशीन शून्य दाखवेल. पाठवणारे चांगले शिकलेसवरलेले असतात. हे सगळं थोतांड आहे. विलायचीनं तोंडाचा वास झाकला जाईल, पण मशीन वास घेत नाही. फुफ्फुसात रक्तातून हवेत आलेली दारू ते मोजतं आणि तूप, लिंबू, कॉफी यांपैकी कशाचाच त्या दारूवर काडीचाही परिणाम होत नाही.

मात्र पोलिसानं धरल्यापासून चौकीत नेईपर्यंत खरोखरच उतरून जाणारी एक नशा इतिहासात होऊन गेली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये. तिच्यापुढे शिपायांनी हात टेकले होते, आणि त्यामागचं शास्त्र मला इतकं आवडतं की आज त्यावरच लिहायचं ठरवलंय.

उत्तर आयर्लंडमध्ये डेरी आणि टायरोन या परगण्यांच्या सीमेवर स्पेरिन नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याला ड्रेपर्सटाउन, माहेरा, मॅघराफेल्ट, कुकस्टाउन अशी बाजाराची छोटी गावं. बाजूला बटाट्याची नि ओट्सची शेतं, दलदलीतून कापून आणलेल्या पीटचं जळण, आणि डोंगरात चोरून गाळलेली बार्लीची दारू, तिचं नाव पॉचीन. आपल्या हातभट्टीची आयरिश बहीण म्हणा. १८४० ते १८९० या काळात या पट्ट्यातले शेतकरी, मजूर, विणकर, बायाबापड्या, सगळे ईथर प्यायला लागले. हो, तेच ईथर. बी.एस्सी.ला सेपरेटिंग फनेल हलवताना ज्याच्या वासानं डोकं जड व्हायचं आणि तळहातावर थेंब पडला तर बर्फासारखा गार लागून क्षणात उडून जायचा, तेच डायएथिल ईथर.

का प्यायले, याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. १८३८ साली कॉर्कच्या फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी दारूबंदीची चळवळ सुरू केली आणि काही वर्षांत लाखो लोकांनी दारू न पिण्याची शपथ घेतली. शपथ मादक पेयांची होती. ईथर पडलं औषध. ते पोटदुखीवर मिळायचं, म्हणजे शपथही मोडत नाही आणि संध्याकाळही कोरडी जात नाही! मग १८५३ पासून सरकारनं आयर्लंडमधल्या दारूवरचा कर वाढवत नेला आणि पाच वर्षांत तो गॅलनला ८ शिलिंगांवर, म्हणजे तिपटीवर नेऊन ठेवला. डोंगरातल्या भट्ट्यांमागे आधी महसूल पोलीस असायचे. १८५७ साली ते दल मोडून काम नेहमीच्या पोलिसांकडे दिलं आणि भट्ट्यांवर धाडी वाढल्या. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, कारखान्यांसाठी मेथिलेटेड स्पिरिट करमुक्त झालं. त्यात लाकडापासून काढलेलं मेथिल अल्कोहोल मिसळलेलं असे, कोणी पिऊ नये म्हणून. पण हे स्पिरिट सल्फ्युरिक आम्लाबरोबर साधारण १४० अंशांपर्यंत तापवलं की ईथर तयार होतं. करमुक्त स्पिरिट, म्हणून ईथरही स्वस्त. पेनीला एक घोट.

इथं चाणाक्ष वाचक विचारेल, मेथिल अल्कोहोल म्हणजे तेच ना, ज्यानं आपल्याकडे विषारी दारू पिऊन माणसं आंधळी होतात, मरतात? तेच. पण आम्लाच्या त्या भट्टीत मेथिलचंही ईथर होतं, आणि ते उणे २४ अंशांनाच उकळत असल्यामुळे वायू होऊन निघून जातं. त्यामुळे या लोकांना तो धोका फारसा नव्हता. त्यांचे धोके निराळे होते, ते पुढे येतील.

आता पोलिसांकडे वळू. आयरिश कॉन्स्टॅब्युलरी हे दल १८३६ साली एकसंध झालं आणि फेनियन या आयरिश बंडखोरांचा उठाव मोडल्याबद्दल १८६७ मध्ये त्याला 'रॉयल' ही पदवी मिळाली. गडद हिरवा गणवेश, हातात बंदूक, खेडोपाडी विखुरलेल्या लहान लहान बराकी. स्वतःच्या परगण्यात नेमणूक मिळत नसे, बायकोच्या माहेरच्या परगण्यातही नाही. गावाशी सोयरीक नसलेलं, वरून हुकूम घेणारं हे दल इंग्रजांना इतकं पसंत पडलं की चार्ल्स नेपियरनं १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथले पोलीस याच नमुन्यावर उभे केले. सिंध पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि १८५३ पासून इलाख्यातल्या जिल्ह्यांच्या पोलिसांचीही घडी तशीच बसवली गेली. आपल्या जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या खुर्चीची वंशावळ अशी आयर्लंडपर्यंत जाते.

या शिपायांचं रोजचं काम बंडखोर पकडण्याचं कमी आणि जत्रेतल्या मारामाऱ्या, बाजारच्या दिवशीचा धिंगाणा आवरण्याचं जास्त. झिंगलेला माणूस रस्त्यात सापडला की त्याला धरून बराकीत आणायचं, रात्रभर कोंडायचं आणि सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. तेव्हा रक्ततपासणी नाही, श्वासाचं यंत्र नाही. पुरावा म्हणजे लटपटणारे पाय, अडखळणारी जीभ आणि तोंडाचा वास. या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली होती: प्यायलेला माणूस निदान चौकीपर्यंत तरी प्यायलेलाच राहील.

ईथरवाला राहत नसे. बाजारात आरडाओरडा करणाऱ्याला धरावं, दोन-तीन मैल चालवत न्यावं, आणि बराकीच्या दारात पोचेपर्यंत गडी ताठ उभा, बोलणं स्वच्छ, वर शिपायालाच विचारणार की मला का आणलंत. दिवसातून पाच-सहा वेळा झिंगून पाच-सहा वेळा शुद्धीवर येणारे लोक होते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चे संपादक अर्नेस्ट हार्ट यांनी १८९० मध्ये या व्यसनावर सविस्तर लिहिलं, त्यात हे झटपट चढणं-उतरणं येतंच.

दारू उतरायला वेळ का लागतो हे आधी बघू. पोटातून रक्तात आलेल्या दारूपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक यकृतात जळते. तिथलं एन्झाइम थोड्याशा दारूनंच पूर्ण कामाला लागतं आणि मग त्याचा वेग वाढत नाही. टोलनाक्याला एकच खिडकी उघडी असावी तसं. मागे दहा गाड्या असोत की शंभर, तासाला सुटणार तेवढ्याच. मध्यम बांध्याच्या माणसात तो वेग तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. आपल्याकडच्या ६० मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये २० ग्रॅम शुद्ध दारू असते. म्हणजे एका लार्जला दोन ते तीन तास, कॉफी पिऊन किंवा न पिऊन.

मग ती श्वासातून का निघून जात नाही? जाते, पण अगदी थोडी, आणि का थोडी हे एका आकड्यात सांगता येतं. फुफ्फुसात रक्त आणि हवा यांच्यामध्ये पेशींचा अतिपातळ पडदा असतो. रक्तातला कोणताही उडून जाणारा पदार्थ त्या पडद्यातून हवेत येतो आणि दोन्हीकडे ठरावीक प्रमाणात वाटला जातो. दारूला पाणी अतिशय प्रिय, त्यामुळे ती रक्त सोडायला तयार नसते. एक लिटर रक्तात जेवढी दारू, तेवढी हवेत सापडायला सुमारे २१०० लिटर श्वास लागतो. नाकाबंदीतलं मशीन याच २१०० नं गुणून रक्तातला आकडा काढतं आणि कायद्याच्या १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम या मर्यादेशी तो ताडून बघतात.

ईथरसाठी हाच आकडा आहे सुमारे १२.

जरा गणित करू या. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या फुफ्फुसाच्या आतल्या कप्प्यांत मिनिटाला ४ लिटरच्या आसपास ताजी हवा पोचते. एक लिटर रक्तातली दारू फक्त श्वासानं बाहेर काढायची तर २१०० लिटर हवा हवी, म्हणजे पावणेनऊ तास. एक लिटर रक्तातल्या ईथरएवढं ईथर १२ लिटर हवा घेऊन जाते. तीन मिनिटं! आता दुसऱ्या बाजूनं पाहा. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फुफ्फुसातून फिरवतं, आणि प्रत्येक फेरीत रक्तातल्या ईथरचा सोळावा भाग हवेत जातो. केवळ रक्तापुरता हिशेब केला तर ११ मिनिटांत ईथर निम्म्यावर येतं. यकृताचा टोलनाका त्याच्या वाटेत जवळजवळ येतच नाही. बहुतेक ईथर जसं गेलं तसंच श्वासावाटे बाहेर पडतं.

आणि इथं मला सगळ्यात गंमत वाटते ती शिपायांची. भरभर चालणारा माणूस बसलेल्यापेक्षा तिप्पट-चौपट हवा आत-बाहेर करतो. दंडाला धरून त्याला बराकीकडे दामटवत नेणारे दोन शिपाई स्वतःच आपला पुरावा हवेत उडवत होते. जागीच बसवून ठेवला असता तर तो थोडा जास्त वेळ झिंगलेला राहिला असता.

डॉक्टर मंडळी आता हरकत घेतील. भूलशास्त्रात ईथरची ख्याती अगदी उलटी आहे. बोस्टनला १८४६ साली त्याची पहिली जाहीर भूल दिली गेली, आणि तेव्हापासून भूलतज्ज्ञांची तक्रार हीच की ईथर सावकाश चढतं आणि त्याहून सावकाश उतरतं. त्यांचंही खरं आहे. आज भुलीसाठी वापरतात त्या सेव्होफ्लुरेनचा तोच आकडा ०.६५ आहे, डेस्फ्लुरेनचा ०.४२, त्यांच्यापुढे १२ म्हणजे फारच चिकट. शिवाय शस्त्रक्रियेत रुग्ण तासन्‌तास ईथर ओढत असतो. रक्तातून ते मेंदूत जातं, पाठोपाठ स्नायूंत, आणि शेवटी चरबीत. ईथर चरबीत भरपूर मुरतं. हा साठा भरला की भूल बंद केल्यावरही तो रक्तात झिरपत राहतो. ड्रेपर्सटाउनचा शेतकरी मात्र एकच घोट घ्यायचा, दोन ते चार चहाचे चमचे. मेंदूला रक्तपुरवठा दांडगा, म्हणून ईथर तिथं आधी पोचतं आणि झिंग येते. पण स्नायू आणि चरबी अजून रिकामीच असतात. ती रक्तातलं ईथर ओढून घेतात, रक्तातली पातळी खाली आली की मेंदूतलं ईथर परत रक्तात येतं, आणि श्वास आपलं काम करतच असतो. म्हणजे झिंग उतरली तेव्हा ईथर सगळं अंगाबाहेर गेलेलं नसायचं, काही फक्त मेंदूतून हललेलं असायचं. एकच पदार्थ, पण तासभर ओढला तर मंद आणि एकदा गिळला तर चपळ.

पिण्याची पद्धतही बघण्यासारखी होती. आधी घोटभर थंड पाणी, मग नाक दाबून ईथर एकदम घशाखाली, आणि लगेच वर पुन्हा पाणी. ईथर ३४.६ अंशांना उकळतं, आणि पोटात असतात ३७. दहा मिलिलिटर ईथर, म्हणजे सुमारे सात ग्रॅम, पूर्ण उकळलं तर जवळपास अडीच लिटर वाफ होते. नुसतं गिळलं तर निम्मंअधिक ढेकरांतून वाया जाणार. थंड पाणी पोट क्षणभर गार करतं, आणि १०० मिलिलिटर थंड पाण्यात सहा-सात ग्रॅम ईथर विरघळतंही. विद्राव्यतेचे तक्ते न पाहता त्या लोकांनी बरोबर एक पेला पाणी शोधून काढलं होतं.

इतकी काळजी घेऊनही ढेकर यायचेच, आणि खरा धोका तिथं. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, आणि हवेत दोन टक्के झाली की पेटते. घरात पीटची चूल रात्रंदिवस धगधगत असायची. त्यात पाईप पेटवायला काडी ओढली, तेवढ्यात ढेकर आली आणि जाळ तोंडावर आला, असे प्रकार डॉक्टरांनी नोंदवले आहेत. बाजारच्या दिवशी आगगाडीचे तिसऱ्या वर्गाचे डबे ईथरनं घमघमायचे. श्वासातून निघून जातं म्हणताना ते असं कुठं तरी जातच असतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांना पोटाचे विकार जडायचे, हात कापायचे. 'औषधच तर आहे, दारू थोडीच आहे' ही समजूत तेव्हाही होती आणि आजही खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या करणारे तिच्याच आधारावर चालतात. पदार्थ औषधाच्या दुकानातून आला म्हणून मेंदू त्याला वेगळी वागणूक देत नाही.

चर्चमधून पाद्र्यांनी झोडलं, डॉक्टरांनी लिहिलं, शिपाई धरपकड करत राहिले. फारसा फरक पडला नाही. अखेर १८९० संपता संपता सरकारनं ईथर विषांच्या यादीत घातलं. किराणा दुकानात, गुत्त्यात, फेरीवाल्याच्या टोपलीत जे सर्रास मिळायचं, ते आता औषधविक्रेत्याशिवाय कोणी विकायचं नाही. शिपायाच्या दृष्टीनं सगळं सोपं झालं. कोणाचा तोल कितपत गेलाय आणि तो बराकीपर्यंत टिकेल का, हे बघायची गरज राहिली नाही. दुकानात बाटली सापडली की गुन्हा सिद्ध. बूच लावलेल्या बाटलीला फुफ्फुसं नसतात, ती सकाळी मॅजिस्ट्रेटपुढेही भरलेलीच असते. थोड्याच वर्षांत खप झपाट्यानं उतरला. आडगावांत चोरटी विक्री पुढेही काही काळ चालू राहिली. बाकीचे व्हिस्की आणि पॉचीनकडे परतले.