टी-1000चा शिक्का आणि 10 अंशांचा तिरपेपणा

चीनमधून बिनब्रँडची कार्बन फ्रेम मागवायची आणि चाकं, गिअर, ब्रेक स्वतः जोडून सायकल उभी करायची, ही हौस आता पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांनाही लागली आहे. त्यात वावगं काहीच नाही. पण विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास एकच: "टी-700 आहे की टी-1000?" विक्रेतेही हाच आकडा ठळक छापतात आणि आकड्याबरोबर किंमत चढते. फ्रेम चांगली की वाईट हे या आकड्यावरून फारच थोडं कळतं.

टी-700, टी-800, टी-1000 ही जपानच्या तोरे कंपनीच्या कार्बन तंतूंची नावं. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्याला आधी हवेत 200 ते 300 अंश सेल्सिअसला भाजतात, मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवतात. बाकीची मूलद्रव्यं निघून जातात आणि 5 ते 7 मायक्रॉन जाडीचा, जवळपास निव्वळ कार्बनचा तंतू उरतो. टी-700 ओढून तोडायला 4,900 मेगापास्कल ताण लागतो, टी-1000ला सुमारे 6,370. ही झाली ताकद. ताण दिल्यावर तंतू किती कमी लांबतो, तो ताठपणा, आणि ती वेगळी गोष्ट आहे. जुन्या टी-300ची ताकद टी-700पेक्षा बरीच कमी, पण ताठपणा दोघांचा सारखाच, 230 गिगापास्कल. टी-800 आणि टी-1000 यांचाही एकच, 294. चढावर उभं राहून पेडल मारताना फ्रेम किती लचकते हे ताठपणावर ठरतं. तिथे टी-800 सोडून टी-1000 घेतल्याने हाती काही लागत नाही.

खरी गंमत तंतूंच्या दिशेत आहे. फ्रेम नुसत्या तंतूंची नसते, तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या गोंदासारख्या प्लॅस्टिकमध्ये, बसवलेले असतात आणि इपॉक्सीचा ताठपणा जेमतेम 3 गिगापास्कल. सगळे तंतू एकाच दिशेने असलेला एक थर घ्या. तंतूंच्या दिशेने ओढलं तर त्याचा ताठपणा 135 गिगापास्कल, आडवं ओढलं तर 9, आणि थराची कर्तनाला, म्हणजे तंतू एकमेकांवरून सरकवू पाहणाऱ्या जोराला, असलेली ताठरता 5 धरू. टी-700च्या थरासाठी हे आकडे साधारण असेच येतात. आता तंतूंपासून फक्त 10 अंश तिरपं ओढा. तिरप्या थराच्या ताठपणाच्या नेहमीच्या सूत्रात आकडे घातले की ताठपणा 135वरून 78वर येतो. 15 अंशांना 52, आणि 45 अंशांना अवघा 13! जोर तिरपा आला की तंतू ताणले जाण्याऐवजी शेजारच्या तंतूवरून सरकू पाहतात आणि ते सरकणं थोपवायला मध्ये फक्त ते मऊ रेझिन असतं. प्रत्यक्ष फ्रेममध्ये वेगवेगळ्या कोनांचे थर एकमेकांना सांभाळून घेतात, त्यामुळे घसरण इतकी तीव्र नसते. तरी कारागिराच्या हातून तुकडा थोडा फिरला तर काय जातं, याचा अंदाज यावरून येतो.

मग सगळे तंतू नळीच्या लांबीच्या दिशेनेच का लावत नाहीत? कारण पेडल मारताना फ्रेम वाकते तशी पिळवटतेही. खडूची दोन टोकं धरून पिळून पाहा. तो आडवा तुटत नाही, मळसूत्रासारखा तिरका, 45 अंशांत तुटतो. पीळ म्हणजे एका तिरक्या दिशेने ताण आणि तिला काटकोनात असलेल्या दुसऱ्या तिरक्या दिशेने दाब. म्हणून जिथे पीळ येतो तिथे तंतू अधिक-उणे 45 अंशांत हवेत. वरचेच आकडे वापरून हिशेब केला तर लांबीच्या दिशेने तंतू असलेल्या नळीची पिळाला ताठरता 5 गिगापास्कल येते, तर अधिक-उणे 45च्या नळीची जवळपास 35. तंतू तोच, वजन तेच, फक्त कोन बदलला आणि सात पट फरक पडला. टी-700 सोडून टी-1000 घेतला तर तंतूचा ताठपणा वाढतो 28 टक्के.

दाबाचं प्रकरण आणखी नाजूक आहे. टी-700च्या थरांची ताणातली ताकद सुमारे 2,550 मेगापास्कल, दाबातली 1,470. दाबाखाली तंतू रेझिनच्या आतल्या आत वाकतो, आणि थराला आधीच सुरकुती असेल तर फार लवकर वाकतो. सुरकुती कुठून येते? रेझिन लावलेलं कापड, म्हणजे प्रीप्रेग, उणे 18 अंशांच्या आसपास साठवतात. त्याचे काही शे तुकडे ठरलेल्या कोनांत हाताने बसवतात, मग साच्यात घालून आतल्या फुग्यात हवा भरतात आणि तापवतात. नळीच्या सरळ भागात फुगा सगळीकडे सारखा दाबतो. बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस बसतो ती जागा) आणि हेड ट्यूब (हँडलखालची आखूड नळी) यांच्या सांध्यांत मात्र तो कोपऱ्यात पोचत नाही. तिथे थर चुरगळतात, पोकळ्या राहतात. पोकळी एक टक्क्याने वाढली की थर एकमेकांपासून न सुटण्याची ताकद ढोबळमानाने 7 टक्क्यांनी घटते. म्हणूनच चांगले कारखाने या सांध्यांत फोमचा किंवा सिलिकॉनचा नेमक्या आकाराचा गाभा वापरतात. बाहेरून दिसणारं ते देखणं "3के" विणकाम (एका धाग्यात 3,000 तंतू) बहुतेकदा केवळ सजावट असते. त्यावरून मजबुती जोखणं म्हणजे रंगावरून आंब्याची गोडी सांगण्यासारखं आहे.

"मोठ्या ब्रँडची फ्रेम याच कारखान्यात बनते" हे वाक्यही जपून घ्यावं. चीनमधल्या श्यामेन शहरातले आणि ग्वांगडाँग प्रांतातले अनेक कारखाने चांगलं काम करतात, आणि काही ब्रँडसाठीही करतात. पण ब्रँडचा साचा आणि कुठला तुकडा कुठल्या कोनात बसवायचा ही यादी ब्रँडची असते. आपल्याला मिळते ती कारखान्याच्या स्वतःच्या साच्यातली फ्रेम. ती उत्तमही असू शकते, तिचा पुरावा तेवढा वेगळा मागायचा.

तो पुरावा म्हणजे आयएसओ 4210 या सायकल-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा चाचणी अहवाल. त्यात रेसिंग फ्रेमला पेडलच्या जागी 1,100 न्यूटन जोराचे एक लाख फेरे सोसावे लागतात. अहवालावर आपल्याच मॉडेलचं नाव आहे ना, हे पाहायचं. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, म्हणजे बीएसए किंवा टी-47 घ्यावा. दाबून बसवायच्या प्रकारात नळीचं माप मिलीमीटरच्या शतांशांत चुकलं तरी सायकल कुरकुरते. फ्रेम हातात आली की काहीही जोडण्याआधी मोबाइलला लागणारा स्वस्त एंडोस्कोप बॉटम ब्रॅकेटमधून आत घालून सांधे बघा. सुरकुत्या, लोंबणारे फुग्याचे तुकडे, रेझिनचे साठे लगेच दिसतात. सांध्यात खोल घडी दिसली तर फोटो काढून फ्रेम परत करायची, त्यात भीड बाळगू नये.

जोडणीत सगळ्यात जास्त जपायचं ते फोर्कच्या स्टिअररला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या हँडलपर्यंत जाणाऱ्या नळीला, कारण तो तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. बारीक दातांच्या पात्याने, पाणी मारत, मास्क लावून कापा. कार्बनची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. या नळीला आतून आधार देणारा एक्स्पांडर प्लग स्टेमच्या (हँडल आणि स्टिअरर जोडणाऱ्या भागाच्या) बोल्टांच्या पातळीत आला पाहिजे, नाहीतर बोल्ट पोकळ नळीच आवळतात. स्टेमवर 5 न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. 10 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला 5 किलो टांगलं तर जेवढा जोर येईल तेवढाच तो, आणि हाताला तो नेहमी कमी वाटतो. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, वापरा. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) घसरत असेल तर बोल्ट आणखी न आवळता पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा. अ‍ॅल्युमिनियमचा भाग कार्बनला थेट टेकला आणि मध्ये खारट ओल शिरली तर विद्युतघट तयार होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मुंबई-कोकणच्या हवेत आणि आपल्या घामात त्याची पुरेपूर सोय आहे, तेव्हा पावसाळा संपला की सीटपोस्ट काढून पुसायची आणि पेस्ट नव्याने लावायची.